शून्य उत्पन्न

"आडनाव नाही सांगितलंत तुम्ही, मॅडम."

पहिल्या रांगेतून आवाज आला. कायद्याचे प्राध्यापक. पांढरे केस, सोनेरी काडीचा चष्मा. मी फळ्यावर फक्त विषय लिहिलेला. अर्थशास्त्र आणि नुकसानभरपाई. मी आडनाव सांगितलं.

ते शेजाऱ्यांकडे वळून म्हणाले, "म्हणजे आज आपल्याला सवलतीचं अर्थशास्त्र."

सभागृह हसलं. मोठ्याने नाही. सभ्य माणसं हसतात तसं, ओठ मिटून.

ठाण्याला शिबिर होतं. समोर न्यायाधीश, कायदा शिकवणारे, सरकारी वकील. नव्वदनंतर देशाचं धोरण बदललेलं, कोर्टात नवनवे आर्थिक प्रश्न यायला लागलेले, म्हणून या मंडळींना अर्थशास्त्र शिकवायचं ठरलेलं. मी कल्याणच्या एका कॉलेजात लेक्चरर. आमचे विभागप्रमुख आजारी पडले, म्हणून मला पाठवलेलं. बौद्धाची पोर न्यायाधीशांना शिकवणार, म्हणून कल्याणजवळच्या मोहन्यात बापाने आमच्या चाळीत पेढे वाटलेले.

मी ते हसणं गिळलं. सवय होती. शिकवायला लागले.

माणूस अपघातात गेला तर घराचं नुकसान किती, हे कसं ठरवायचं? कमावत्या माणसाचं सोपं. पगार दिसतो. मी विचारलं, "पण घरात राबणारी बाई गेली तर?"

प्राध्यापक बसल्या बसल्या बोलले, "गृहिणी ना? उत्पन्न शून्य. आणि त्या वस्त्यांतून तर प्रश्नच नाही. महिन्याभरात नवरा दुसरी आणतो. घर चालू."

आता हसणं मोठं होतं.

शून्य हा शब्द मी आधी ऐकलेला. कल्याणच्या कोर्टात. दहावीत होते मी. आई नळावरून पाणी घेऊन रस्ता ओलांडत होती. सरकारी ट्रकने उडवलं. हंडा लांब जाऊन पडलेला. तो कुणीतरी उचलून घरी आणून दिला. आई नाही आली.

सरकारी वकील कोर्टात म्हणाले, मयत स्त्रीचं उत्पन्न शून्य. बाप कारखान्यातली पाळी सोडून आलेला. हात जोडून उभा. त्याने मला हळूच विचारलं, "शून्य म्हंजे आपल्या आईला म्हणतायत काय गं?"



बापाने दुसरी आणली नाही. घर चाललं ते कमलमुळे. कमल माझी धाकटी बहीण. सातवीत होती. दोघींपैकी एकीला घरी बसणं भाग होतं, आणि माझी दहावी होती. एके सकाळी तिने दप्तर खुंटीला अडकवलं आणि स्टोव्ह पेटवला. तिला कुणी सांगितलं नाही. कुणी अडवलंही नाही. गणित पटापट सोडवायची ती. शाळेतल्या बाई म्हणायच्या, हिला खूप शिकवा. शिकले मी. एम. ए. झाले, तिच्या हातचा डबा खाऊन.

अर्थशास्त्रात एक साधी गोष्ट शिकवतात. एखाद्या गोष्टीची खरी किंमत म्हणजे तिच्यासाठी जे सोडून द्यावं लागलं ते. पुस्तकात गहू आणि कापसाचं उदाहरण असतं. मी दरवर्षी तेच द्यायचे. त्या दिवशी ते तोंडातून निघेना.

"सर, ती बाई माझी आई होती."

मग मी सगळं सांगितलं. ट्रक. कोर्ट. कमल. म्हटलं, "आईच्या कामाची किंमत काढायची ना? मग माझ्या बहिणीकडे बघा. तिचं जे जे व्हायचं राहिलं, ती किंमत."

अध्यक्ष एक न्यायाधीश होते. घड्याळाकडे बघत म्हणाले, "मॅडम, व्यक्तिगत नको. पुढचा मुद्दा घ्या."

"साहेब, हाच मुद्दा आहे."

नंतर संयोजकांनी मला व्हरांड्यात गाठलं. आवाज अगदी मऊ. "उद्याचं सत्रही तुमचंच आहे. फक्त सुरुवातीला दोन शब्द दिलगिरीचे बोला. वरिष्ठ मंडळी दुखावलीत. तटस्थ राहायला शिका हो, पुढे जाल."

आईला शून्य म्हणणारे तटस्थ. मी मात्र नाही.

घरी आले. कमल भाकऱ्या थापत होती. तिला सगळं सांगितलं. मला वाटलेलं, खूश होईल.

तिचे हात थांबले. "माझं नाव घेतलंस? त्या लोकांसमोर?"

"हो."

"मला विचारलेलंस?"

तव्यावरची भाकरी करपली, तरी ती हलली नाही. मग म्हणाली, "मी हुशार होते ना गं?"

"होतीस."

"हे सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं."

तिने पदर तोंडात दाबला. आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा तिला वेळच नव्हता. मी जवळ गेले तर तिने हाताने लांब केलं. मग डोळे पुसले, करपलेली भाकरी बाजूला टाकली, दुसरा गोळा घेतला.

"उद्या माफी मागणारेस?"

"नाही."

"मागू नको."

सकाळी संयोजक सभागृहाच्या दारातच उभे. "बोलणार ना दोन शब्द?"

"नाही."

"मग सत्र दुसरे कुणीतरी घेतील."

"घेऊ देत."

मी मागे फिरले. त्यांनी पुन्हा कधी बोलावलं नाही. त्या सभागृहात कुणाचं काही बदललं असेल, असं मला वाटत नाही. ते प्राध्यापक तेच शिकवत राहिले असतील. कमलची सातवी सातवीतच राहिली. ते दुःख मिटत नाही. मिटवायचंही नाही मला.

पण मी मुलांना गहू-कापूस शिकवणं बंद केलं. कमलला विचारून, तिचं नाव घेऊन शिकवते. आणि माझ्यासमोर कुणी राबणाऱ्या बाईला शून्य म्हणायला लागला, तर मी त्याला मध्येच तोडते. न्यायाधीश असो नाहीतर आणखी कुणी. त्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. देणार नाही.