राठोडमामांचा ‘ळ’ आणि कालबाह्य आवृत्ती

“तुमचं मशीनच म्हणून राहिलं की हे कालबाह्य हाय. मंग असल्या कागदावर मी सही काहून करू?” असं म्हणून एक पाटील राठोडमामांच्या टेबलावरून उठून गेले. मी तिथंच त्यांचा प्रिंटर दुरुस्त करत होतो.

मामा कळमनुरीत तहसीलसमोर प्रतिज्ञापत्रं टाईप करून देत. दोन हजार सालानंतर त्यांना टाईपरायटरवरून कॉम्प्युटरवर मीच आणलं. कॉम्प्युटर चालवायला फुकटचं लिनक्स टाकून दिलं, त्यातही ‘स्टेबल’ आवृत्ती. म्हणजे एकदा बाहेर पडली की त्यातली सॉफ्टवेअर बदलत नाहीत, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या होतात. त्यातल्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर त्या आठवड्यापासून पाटी झळकायला लागली होती : ‘ही आवृत्ती कालबाह्य आहे. कृपया वापरू नका.’

ते सॉफ्टवेअर लिहिणारे गृहस्थ पुण्याचे. फोन लावला.

“पाटी मीच घातलीय. दोन वर्षं झाली की आपोआप येते,” ते म्हणाले. “मी केव्हाच दुरुस्त केलेल्या चुकांबद्दल लोक अजून मला शिव्या देतात. नवीन टाका.”

नवीन टाकलं. त्यात ‘ळ’ दुसऱ्या बटणावर गेला होता आणि त्याच्या जागी ‘ष’ बसला होता. मामांची बोटं जुन्याच जागी पडायची. संध्याकाळपर्यंत चार माणसं ‘कषमनुरी’ची रहिवासी झाली.

“सायेब, चांगला बसलेला ळ काहून उठवला त्यांनी?”

पुण्याला विचारलं. उत्तर आलं, “शास्त्रशुद्ध आहे.”

पुन्हा जुनं टाकलं आणि त्यावरची पाटी काढा म्हणून लिनक्सवाल्यांना मेल केली. तिथल्या स्वयंसेवकानं कळवलं, “पाटी ही चूक नाही. सॉफ्टवेअर लेखकाच्या इच्छेप्रमाणेच चालतंय. स्टेबलमध्ये आम्ही बदल करत नाही.”

हे पुण्याला कळवलं, तर लेखक भडकले. “मग माझं सॉफ्टवेअरच काढून टाका!”

“काढणं हाही बदलच,” स्वयंसेवक म्हणाला.

दोघं फुकट राबणारे, आणि आपापल्या जागी दोघंही बराबर. महिनाभर त्यांच्या मेल चालल्या. इकडं मामांची गिऱ्हाइकं शेजारच्या टाईपरायटरवाल्याकडे वळली. एक दिवस मामांनीही आपल्या जुन्या मशीनवरची धूळ झटकली, तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, म्हणजे कोड, सगळ्यांना खुला होता, बदलायला परवानगी होती. पाटीची ओळ मीच काढली. अर्धा तास लागला. पुण्याला तसं सांगूनही टाकलं.

“हक्क आहे तुम्हाला,” ते म्हणाले. आवाज पडला होता. “पण आता ते माझं नाही. मी दिलेलं नाव त्याला ठेवू नका.”

वाईट वाटलं. मामांना विचारलं, “नवीन नाव काय ठेवायचं?”

“कोन्या मानसाचं ठेवू नका. न्हाई तर त्याचाबी फोन यील.”

म्हणून नुसतं ‘टाईप’ ठेवलं. मामा थकेपर्यंत ते चाललं.

स्टेबल म्हणजे बिनचूक नव्हे. कालची चूक उद्याही त्याच जागी सापडेल, एवढीच त्याची हमी. पोट बोटांवर असलेल्या माणसाला तेवढी पुरते.