चेहऱ्यावरचा कागद

माझी आत्या पोटासाठी बाहुल्या हलवते. तारेच्या सांगाड्यावर रबर आणि कापड चढवलेली वीतभर बाहुली केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा केसभर हलवायची. सेकंदाला चोवीस फोटो. दिवसभर राबून पडद्यावरचे चार सेकंद झाले की स्वारी खूश! तेवढ्या वेळात मी घरी तीन भांडणं उरकते.

तिची एक खोड आहे. काम सुरू करताना ती बाहुलीच्या तोंडावर कागद चिकटवते. अंग बोलतं झाल्याशिवाय तो काढत नाही. दिग्दर्शक वैतागतो, पण तिच्यापुढे कुणाचं चालत नाही.

एकदा डबा द्यायला गेले, तेव्हा ती एका म्हाताऱ्या पोस्टमनला खुर्चीतून उठवत होती. म्हणजे गेला तासभर त्याला वाकवतच होती.

"उठवायचंय ना? मग वाकवतेस कशाला?"

"अगं, उठायच्या आधी माणूस पाय मागे घेतो, पुढे झुकतो. तेवढं नीट दिसलं की बघणाऱ्याला कळतं, ह्याच्या मनात काहीतरी आलंय."

मग तिने सगळे फोटो सलग चालवून दाखवले. पोस्टमनला ना डोळे, ना तोंड. त्याने पाय मागे ओढले, झुकला, क्षणभर थांबला. तो कुणाच्या तरी भेटीसाठी उठत होता, हे मला न सांगता कळलं. रबराचा तुकडा तो! मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले.

बाबांचं दुखणं ह्याच्या अगदी उलट, चेहरा असून काही न सांगणारं. कंपवाताने त्यांचा चेहरा गोठला होता आणि आवाज पुटपुटण्यापुरता उरला होता. मला दूरच्या शहरात नोकरी लागली, तेव्हा ते फक्त "बरं" म्हणाले. राग, आनंद, काही म्हणजे काही दिसेना. त्यांच्या मनात नसेल तर मी जाणार नव्हते. निघायचा दिवस उजाडला, बॅग दाराशी आली, तरी मला पत्ता लागला नव्हता.

आत्या निरोप द्यायला आली आणि मी तिच्यावरच भडकले. "ह्यांना काही वाटतच नाही गं! भिंतीला विचारल्यासारखं होतं."

आत्याने टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि सरळ बाबांच्या तोंडासमोर धरलं. "दादा, रागावू नकोस हं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता विचार."

"बाबा, जाऊ मी?"

कागदाखाली गुडघ्यावरचा थरथरणारा हात घट्ट दाबला गेला. चपला फरशीवर घासत मागे, खुर्चीखाली सरकल्या. पाठ हळूहळू पुढे झुकली आणि थांबली.

दोघांनी धरल्याशिवाय न उठणारा माझा बाप उठायला निघाला होता. मी धावले, तर आत्याने मला कोपराने मागे सारलं. "थांब. त्याला वेळ दे."

किती वेळ गेला कोण जाणे. बाबा उभे राहिले. आत्याने वर्तमानपत्र खाली घेतलं. चेहरा तसाच होता, कोरा. मला आता त्याची गरज नव्हती, मी रडतच होते.

ते एकेक पाऊल टाकत दारापर्यंत गेले, माझ्या बॅगेचा पट्टा धरला आणि पुटपुटले, "चल. गाडी चुकेल."