डाव्या दरवाज्यावरची थाप

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठीच. मी एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. सेन्सर चुकीचं रीडिंग देतो तेव्हा वायर तपासायची, कनेक्टर साफ करायचा, हे माझं रोजचं काम. आमच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या गावांत, कुणाची म्हैस आटली तरी "बाहेरचं काहीतरी हाय" म्हणणारे लोक भेटतात, आणि त्यांच्याशी वाद घालून मी घरच्यांच्या डोक्याला पुष्कळ ताप दिलाय. तेव्हा मी हे लिहितोय याचं मलाच जरा हसू येतंय... पण लिहिल्याशिवाय चैन पडत नाहीये.

आमचं गाव पोयनाडच्या पुढे, खाडीच्या बाजूला. माझे नामाकाका आधी मिठागरावर होते, मग मिठाच्या ट्रकवर क्लीनर, मग ड्रायव्हर, आणि शेवटी स्वतःच्या दोन ट्रकचे मालक. ट्रक विकल्यावर माणसाने स्वस्थ बसावं की नाही? काकांनी अलिबागच्या एका बंगलेवाल्या शेठची जुनी स्पोर्ट्स कार घेतली. लालभडक, दोन दरवाज्यांची, इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यासारखं. काका त्यातून उतरताना एक हात छताला, एक हात गुडघ्याला लावायचे आणि शेठला शिव्या द्यायचे. गावातल्या प्रत्येक स्पीडब्रेकरला तिचं पोट घासलेलं आहे.

आणि याच गाडीवर त्यांनी सुगंधाकाकीला ड्रायव्हिंग शिकवलं. साठीला टेकलेली बाई, नऊवारी सावरत त्या गाडीत बसते हे बघायला सुरुवातीला पोरं कुंपणावर चढायची. काका डावीकडे क्लीनरच्या जागी. त्यांची शिकवायची पद्धत ट्रकवाली. क्लीनर खिडकीतून हात बाहेर काढून दरवाज्यावर थाप मारतो ना, तसंच. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे जाऊ दे. तोंडाने अवाक्षर नाही. काकी म्हणायची, "जल्मभर बोलले नाय, आता काय बोलतान." पण शिकली. उत्तम शिकली.

दोन वर्षांपूर्वी काका गेले. गाडी राहिली, कारण काकीला ती लागायची. चौलला तिची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली आहे, आणि दर सोमवारी काकी तिला न्हाऊ-माखू घालायला जाते. एसटी बदलत जाणं तिच्या गुडघ्यांना झेपत नाही, आणि दुसऱ्या कुणाच्या हातून ती बहीण अंगाला पाणी लावून घेत नाही.

मग एक दिवस माझा चुलतभाऊ रुपेश, काकीचा मुलगा, याचा फोन आला. तो पनवेलला असतो.

"दादा, आई बोलते डाव्या दरवाज्यातून बाबा थाप मारतात. एक मारली की थांबते, दोन मारल्या की जाते. परवा वावे गावात भर रस्त्यात गाडी उभी केली, मागे लाईन लागली. मी ती गाडी काढून टाकणार."

"अरे, तो स्पीकर असेल," मी म्हणालो. "खारी हवा. वायर लूज झाली की स्पीकर असा धप् करतो."

"मग तू बदल. आवाज बंद झाला तर ठीक. नाहीतर या महिन्यात गाडी गेली समज."

सुट्टीच्या दिवशी सकाळी मी दरवाज्याचं पॅड उघडलं. स्क्रू गंजलेले, क्लिपा हात लावताच तुटल्या. डाव्या स्पीकरच्या कडेचा फोम काळी पूड होऊन खाली पडला होता. मला बरं वाटलं, म्हटलं सापडलं. स्पीकर तपासायची आमची साधी रीत म्हणजे पेन्सिल सेल घ्यायचा आणि दोन टोकांना टेकवायचा. जिवंत असेल तर टप् वाजतो. उजवा वाजला. डावा काही केल्या वाजेना. मीटर लावला, आतली कॉइलच तुटलेली. टोकांवर इतका हिरवा गंज, की तो स्पीकर कित्येक महिने मेलेला असणार.

मग इतके दिवस काय वाजत होतं?

तिथपासून माझी अस्वस्थता सुरू झाली. नवे स्पीकर जुन्या भोकात बसेनात, प्लायवूडची रिंग बनवून घ्यावी लागणार होती. मधे सोमवार आला. काकी म्हणाली, "मी जातंय." मी म्हटलं, मीही येतो. रजा टाकली आणि डावीकडे बसलो. दरवाज्याला पॅड होतं, त्यात स्पीकरच्या जागी नुसतं भोक. वायरची टोकं मी स्वतः टेप लावून बांधली होती.

अलिबाग मागे टाकून चौलच्या वाड्या लागल्या. दोन्हीकडे नारळी-पोफळी, अरुंद रस्ता, पुढे वळण. ऊन चांगलं वर आलेलं. आणि माझ्या मांडीला टेकलेल्या दरवाज्यात थाप बसली. एकच. पत्र्यावर उघड्या तळव्याची बसते तशी. मला ती ऐकूही आली आणि मांडीला जाणवलीही.

काकीने शांतपणे गाडी कडेला घेतली.

"आयकलास?" ती म्हणाली.

मी वळणाकडे बघत राहिलो. वाटलं, आता वळणावरून भरधाव काहीतरी येणार. डंपर, टेम्पो, निदान मोकाट बैल... काही आलं नाही. एक सायकलवाला गेला, तोही समोरून नाही, मागून. काकी हात स्टिअरिंगवर ठेवून बसली होती. मी दरवाजा चाचपत होतो, काच खालीवर करत होतो, घाम पुसत होतो. मग दोन थापा. धप् धप्. काकीने गिअर टाकला.

काही आलं असतं ना, तर मी निदान म्हटलं असतं की काकांनी वाचवलं. हे आम्ही कशासाठी थांबलो? मी काकीला विचारलं तर ती म्हणाली, "मना ठाव नाय. ट्रकवर क्लीनर थांब बोलला का थांबाचा. क्याला, त्ये नंतर."

परत आल्यावर मी त्या दरवाज्याला सोडलं नाही. काचेची यंत्रणा, कुलपाचे दांडे, पाणी जायची भोकं, सगळं उघडलं. जिथे पत्रा पत्र्याला लागू शकतो तिथे फोम चिकटवला. रिंगा तयार झाल्या, नवे स्पीकर बसवले. आवाज काय सुंदर यायचा! शेजारचे लोक ऐकायला आले. मी काकीला घेऊन पोयनाडपर्यंत फेरी मारली. थाप नाही. रुपेशला फोन केला, तो खूश.

पण पुढच्या सोमवारी काकी गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. गाडीवर कव्हर घातलेलं. चौलहून फोन आला की काकीची बहीण दाराकडे बघत पडून असते, अंगाला कुणाला हात लावू देत नाही. मी तणतणत काकीकडे गेलो. ती ओटीवर सुपात कोलीम, म्हणजे बारीक सुकट, निवडत बसली होती.

"काकी, गाडी बरी झाली ना?"

"झाली. गारी बेस झाली."

"मग जात का नाहीस? चालवतेस तर तूच. काका होते तेव्हाही तूच चालवायचीस."

तिने हातातलं सूप खाली ठेवलं. "बाला, तवा मी यकटी नव्हते. आता गारीत बसलंय का भ्याव वाटतंय. 'जाऊ दे' कोन बोलल मना?"

मला एवढं वाईट वाटलं की सांगता येत नाही. माझ्या हुशारीने काय साधलं, तर एका बाईची गाडी बंद पडली आणि चौलला दुसरी बाई पारोशी पडून होती.

मी तिथेच पाने काढले आणि डावा स्पीकर बाहेर काढला. वायर बांधली. भोक होतं तसं ठेवलं. खोटं कशाला बोलू, थाप येईल असं मला वाटत नव्हतं. माझा विचार साधा होता, काकांच्या जागी मी बसेन आणि हळूच मीच मारेन दोन थापा. तिला निघायला तेवढं पुरेल. नंतरचं नंतर बघू.

काकी हात धुऊन आली. लुगडं सावरून बसली, चावी फिरवली. गाडी फाटकाशी आणली आणि थांबली. पुढे बघत नुसती थांबून राहिली. मी काच खाली केली, हात बाहेर काढला, तळवा उघडला.

धप् धप्.

माझा हात खिडकीबाहेर हवेतच होता. दरवाज्यापासून चांगला वीतभर लांब.

"हात आत घे, बाला," काकी म्हणाली, आणि गाडी रस्त्याला लागली. तिचा चेहरा मी बघितला नाही, माझ्याच डोळ्यांत पाणी आलं होतं.

काकी आता दर सोमवारी जाते. रुपेशला मी सांगितलंय की डाव्या बाजूचा स्पीकर खराब निघाला, तसा दुसरा मिळत नाही. गाणी उजवीकडूनच वाजतात. आईने थापांचं नाव काढणं बंद केलं म्हणून तो निर्धास्त आहे. तिला तेवढं मीच बजावलंय.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. पत्रा तापतो, वायरिंग जुनं आहे, खारी हवा... हे सगळं तुमच्याआधी मी स्वतःला सांगून झालंय. वळणावर त्या दिवशी का थांबलो तेही अजून कळलेलं नाही, आणि रात्री पडल्या पडल्या तेच डोक्यात फिरतं.

मधूनमधून काकीबरोबर मीही चौलला जातो. डावीकडे बसलो की काच वर करतो आणि दोन्ही हात मांडीवर ठेवतो. ते काम माझं नाही.