रकाना रिकामा नको

उज्ज्वलाबाई रागावल्या की आधी चष्मा काढतात. रागवायला डोळे लागत नाहीत, असं त्यांचं मत आहे. मोखाड्याच्या पंचायत समितीत त्यांचा हात चष्म्याकडे गेला की दोन कारकुनांना एकदम बाहेरचं काम आठवतं.

अठ्ठावीस वर्षं शाळा केल्यावर बाईंकडे तालुक्याचं नवं काम आलं. गुरुजींना एआय वापरायला शिकवायचं. बाईंनी ते आपल्या पद्धतीनं सुरू केलं. आल्या आल्या सगळ्यांचे फोन सतरंजीवर पालथे. मग कोरा कागद. वर्गातल्या प्रत्येक पोराबद्दल आठवून एकेक ओळ लिहायची, आणि ती ओळ दुसऱ्या कुठल्या पोराला चालता कामा नये. ज्याला पाचव्या पोरापाशी अडायला होई, त्याचा फोन बाईंच्या पिशवीत जाई. खोडाळ्याच्या एका वर्गाला तर दुपारभर बाईंच्या पिशवीतून चार मुख्याध्यापक वाजत होते. "मशीन तुमचं लिहिणं वाचवेल," बाई म्हणत, "तुमचं बघणं नाही."

जानेवारीत एका संस्थेनं मुलांच्या वर्णनात्मक नोंदी लिहून देणारं ॲप आणलं. या नोंदी म्हणजे गुरुजी लोकांचं जुनं दुखणं. दरेक पोराचं भाषेत कसं, खेळात कसं, कलेत कसं, ते वाक्यात लिहायचं. संस्थेनं चाळीस शाळांच्या प्रशिक्षणाला दोन तास दिले. त्यात एकेका ओळीचा तो कोरा कागद बसेना. बाई चिडल्या, भांडल्या, आणि शेवटी कागद वगळून 'प्रशिक्षण पूर्ण' वर सही करून मोकळ्या झाल्या.

त्या सहीची वरात एक मे रोजी पोशेऱ्याच्या शाळेत निघाली.

झेंडावंदन झालं. मग निकाल. इथे प्रगतीपुस्तक नुसतं हातात देत नाहीत. घरी वाचणार कोण? गुरुजी व्हरांड्यात उभे राहून एकेकाची नोंद मोठ्यानं वाचतात आणि आईबाप खाली बसून ऐकतात. वामन गुरुजी वाचत होते. बाजूच्या खुर्चीवर बाई होत्या, आणि त्यांच्या शेजारी संस्थेचे तालुका समन्वयक तुळशीदास साहेब. हे साहेब पंचायत समितीतून निवृत्त झालेले. तीस वर्षांत त्यांनी कुठल्याही कागदावर एक रकाना रिकामा राहू दिला नव्हता. ॲपमध्येही रकाना रिकामा राहिला तर पुढचं पान उघडत नसे, ही त्यांचीच सूचना.

पाचवीच्या बुधीची पाळी आली. गुरुजींनी वाचलं, "खेळात चपळ आहे. तारपा नृत्यात उत्साहाने भाग घेते."

व्हरांड्यात कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. बुधीची आई लाडकी उठून उभी राहिली.

"माझी पोर कदी नाचली, गुरुजी?"

बुधी जन्मापासून पाय ओढत चालते. हे पोशेऱ्यातल्या कोंबड्यांनाही माहीत आहे. वामन गुरुजींना तर सगळ्यांच्या आधी माहीत होतं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की तिला खांद्यावर घेऊन येणारे तेच. पण ॲप नाचाचा रकाना रिकामा ठेवू देईना. तेव्हा गुरुजींनी नुसतं नाव आणि इयत्ता टाकून बटण दाबलं, आणि मशीननं बुधीला नाचवलं.

लाडकीला नाचाचं काही नव्हतं. तिला जव्हारचं वसतिगृह दिसत होतं. पोशेऱ्याची शाळा पाचवीपर्यंतच. पुढे बुधीला तिथे राहायचं, तर तळमजल्यावरच खाट हवी, जिना तिला चढवत नाही. अर्जाला हीच नोंद जोडायची होती, आणि अर्जाची मुदत उद्या संपत होती. नाचणाऱ्या पोरीला तळमजला कोण देईल? आणि तळमजला नसेल तर पोर घरी.

बाईंनी चष्मा काढला.

तुळशीदास साहेबांनी समजुतीनं सांगितलं की नोंद अंतिम झाली आहे. उघडता येते, त्यांच्याच फोनवरून येते, पण दुरुस्ती केली की लाल आकडा पडतो. अख्ख्या जिल्ह्यात शून्य दुरुस्तीचा तालुका एकच, आपला. पुढच्या आठवड्यात सत्कार आहे. बाईंचाही आहे.

"तुम्ही हाताने दाखला द्या ना, मॅडम," साहेब म्हणाले. "नोंद राहू द्या जशी आहे."

"म्हणजे कागदावर लंगडी आणि फोनवर नाचणारी? वसतिगृहवाला कोणती बुधी घेणार, साहेब?"

पुढची दहा मिनिटं बाई जे बोलल्या ते सगळं छापण्यासारखं नाही. तीस वर्षांतले रकाने निघाले, सत्काराची शाल निघाली, वामन गुरुजींचा आळस निघाला. गुरुजी मान खाली घालून ऐकत होते आणि हळूच म्हणाले की मॅडम, तुम्ही शिकवलं तसंच केलं. दोन तासांत एवढंच शिकवलं होतं.

बाई थांबल्या. राग तोच होता, फक्त त्याला आता जायला जागा उरली नव्हती.

पोशेऱ्यात रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर मिळते. मग तिकडे वरात. पुढे बाई, मागे फोन छातीशी धरलेले साहेब, मागे गुरुजी, मागे सगळा गाव. साहेबांनी उसासा टाकून नोंद उघडून दिली. बाईंनी चष्म्याशिवायच, डोळे फोनला चिकटवून, लिहिलं: 'नाचत नाही. डावा पाय ओढून चालते. जिना चढता येत नाही. तळमजल्यावर खाट आवश्यक.' दुरुस्तीचं कारण हाही रकानाच होता, तोही रिकामा ठेवता येईना. त्यात त्यांनी लिहिलं, 'प्रशिक्षण अर्धवट दिले', आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव.

लाल एक पडला. साहेबांनी डोळे मिटले.

लाडकी म्हणाली, आता वाचा. गुरुजींनी ओट्यावरून मोठ्यानं वाचलं. बायांनी माना डोलावल्या. बुधी मात्र बाईंच्या पदराशी येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "बाई, उजवा."

"काय उजवा?"

"पाय."

बाईंनी चष्मा घातला. पोरीकडे बघितलं. इतक्या वेळात पहिल्यांदाच बघितलं. बुधीनं फ्रॉक थोडा वर धरून उजवा पाय पुढे केला होता.

कोणी हसलं नाही. हसायची हिंमत नव्हती. बाई ओट्यावर बसल्या, बुधीला शेजारी बसवलं आणि फोन तिच्या मांडीवर ठेवला. आता तू सांग, मी लिहिते, म्हणाल्या. पाय कुठला, कुठे दुखतो, किती पायऱ्या होतात. बुधीनं तीन सांगितल्या, मग जरा विचार करून चार.

लाल दोन पडला. मग बाईंनी व्हरांड्यातली सगळी प्रगतीपुस्तकं ओट्यावर मागवली आणि वामन गुरुजींना फर्मावलं, पहिल्या पोरापासून सुरू करा, एकेक ओळ, आठवून. तुळशीदास साहेब सावली शोधून बसले. सत्काराची शाल आता मिळत नाही, हे त्यांनी आकडा नऊवर गेल्यावर मान्य केलं.