सीझन होऊ दे

मुलीची बास्केटबॉलची मॅच सुरू व्हायच्या आधी तो खाली वाकून स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडायचा आणि पुन्हा घट्ट बांधायचा. खेळणार ती, बाकावर बसणार हा. मी एकदा विचारलं, "कोच तुला आत पाठवणार आहे का?" तर म्हणाला, "काही सांगता येते का बे? ऐनवेळी बोलावलं तर?"

असे बाप तुम्हीही पाहिले असतील. पण याच्यासारखा मी दुसरा पाहिला नाही.

अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गला आम्ही एकाच ऑफिसात होतो आणि राहायलाही एकाच गल्लीत. तो नागपूरचा, मी पुण्याचा. ऑफिसात हा माणूस आहे की नाही असा प्रश्न पडावा इतका गप्प. घरी मात्र संध्याकाळी गॅरेजसमोर ड्राइव्ह-वेवर बॉलची धपधप सुरू झाली की त्याचा आवाज आमच्या किचनपर्यंत यायचा. मुलगी रिंगमध्ये शॉट मारायची आणि हा हातमोजे घालून, कडेच्या बर्फात घुसून, बॉल आणून द्यायचा. स्वतः कधी रिंगकडे फेकायचा नाही. "मी फेकला का ती हसत बसते, प्रॅक्टिस राहते बाजूला," म्हणायचा.

मुलगी कॉलेजच्या टीममध्ये गेली. टीममध्ये सगळ्यात बुटकी, पण बॉल पुढे नेणारी, खेळ मांडणारी तीच. बाकीचे आईबाप "डिफेन्स, डिफेन्स" करत टाळ्या वाजवायचे, हा भर गर्दीत मराठीत ओरडायचा, "पळ, पळ, पळ! अगं मागे बघ!" नेहमी शेजारी बसणारी एक गोरी आजी हळूहळू त्याच्याबरोबर "पळ पळ" ओरडायला लागली. तिला ते मुलीचं लाडाचं नाव वाटायचं. त्याने तिचा गैरसमज कधी दूर केला नाही. "प्रेमानं म्हणते, म्हणू दे," म्हणाला.

मुलगी दुसऱ्या वर्षाला असताना, भर सीझनमध्ये, आमच्या ऑफिसात एका सकाळी बरीच माणसं कमी झाली. त्यात तो होता. मी वाचलो. इतकी वर्षं इथे काढूनही त्याचं ग्रीन कार्ड रांगेतच होतं, त्यामुळे नोकरी गेली की ठरलेल्या मुदतीत दुसरी मिळवायची, नाहीतर देश सोडायचा. मुलगी इथेच जन्मलेली, तिला कुणी हलवणार नव्हतं. प्रश्न या नवरा-बायकोचा होता.

त्याने खूप हातपाय मारले. मुलीला मात्र एका शब्दाने सांगितलं नाही. वहिनींनाही तंबी दिली. मी म्हटलं, "अरे, ती काय लहान आहे? उद्या कळेल तेव्हा जास्त लागेल तिला."

"सांगीन न. सीझन होऊ दे."

"आणि तोवर?"

"तोवर तिनं बॉलकडे पाहावं. आत्ता सांगितलं, तर ती बाकावर बसलेल्या माझ्याकडेच पाहत राहील."

मार्चमध्ये त्यांच्या कॉन्फरन्सची टूर्नामेंट आली. आसपासच्या कॉलेजांच्या सगळ्या टीम एका गावात जमतात. हरला तो घरी जातो, त्याचा सीझन तिथेच संपतो. वहिनींना घरचं आवरायचं होतं, म्हणून मी सुट्टी काढून त्याच्याबरोबर निघालो. आणि नेमकी शुक्रवारच्या पहिल्या मॅचच्या वेळेलाच दूर ॲरिझोनातल्या चँडलरच्या एका कंपनीने व्हिडिओवर इंटरव्ह्यू ठेवला. वेळ बदलून मागायची त्याची हिंमत झाली नाही.

तर तो इंटरव्ह्यू त्याने माझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून दिला. अंगात कोट, गळ्यात टाय, मांडीवर लॅपटॉप. पार्किंगमध्ये कॉलेजचा बँड ढोल बडवत होता. मी बाहेर थंडीत उभा राहून कुणी गाडीजवळ येऊ नये म्हणून पहारा देत होतो. काच वर होती, तरी स्क्रीनवरच्या बाईंनी विचारलंच, हा आवाज कसला? याने खरं सांगितलं, "माझ्या मुलीची मॅच आहे." त्या म्हणाल्या, "मग आपण लवकर आटपू या." फार चांगली बाई, असं तो नंतर कितीतरी वेळा म्हणाला. नोकरी काही तिने दिली नाही.

आम्ही आत पोचलो तेव्हा अर्धी मॅच संपली होती. हा कोट-टायमध्ये, पायात स्पोर्ट्स शूज. आजींनी सरकून जागा दिली. मुलीने वर पाहिलं, क्षणभर थबकली आणि पुन्हा पळाली. त्या दिवशी त्या जिंकल्या. मॅचनंतर ती धावत आली, घामाने निथळत.

"बाबा, टाय का घातलाय?"

"टूर्नामेंट आहे न तुझी. मान ठेवायला नको?"

ती हसली, पण माझ्याकडे एकदा बघून घेतलं. मी उगाच स्कोअरबोर्ड वाचत राहिलो. परतताना तो गाडीत एवढंच बोलला, "चला, अजून एक दिवस मिळाला."

शनिवारी सेमीफायनल हरल्या. शेवटपर्यंत बरोबरीत होत्या, अखेरच्या मिनिटात तिच्या हातून बॉल निसटला आणि समोरच्या मुलीने सरळ जाऊन बास्केट केला. ड्रेसिंग रूममधून ती बाहेर आली ती डोळे सुजवून. कॉरिडॉरमध्ये आम्ही उभे होतो. हा काही बोलायच्या आतच तिने विचारलं, "आता सांगा. टाय का घातला होता?"

त्याने सांगितलं. तिथेच, भिंतीला टेकून, सगळं. ती ऐकत राहिली आणि मग एकदम भडकली. "यू शुड हॅव टोल्ड मी, बाबा! घरी हे चाललंय आणि मी एका स्टुपिड गेमसाठी रडतेय?"

तेव्हा तो जे बोलला ते माझ्या कायमचं लक्षात राहिलं आहे. "स्टुपिड नाही बेटा. नोकरी माझी गेली, तुझा गेम काहून जाईल?"

मग बाप-लेक कॉरिडॉरमध्ये एकमेकांना धरून रडले. मी आणि आजी कोकची मशीन बघत उभे राहिलो.

एप्रिलमध्ये तो आणि वहिनी नागपूरला गेले. त्याला तिथे नोकरी लागली, बरी आहे म्हणतो. ड्राइव्ह-वेवरची रिंग नव्या घरमालकांनी काढून टाकली. मुलीने एकवीस पूर्ण होताच आईवडिलांच्या ग्रीन कार्डसाठी अर्ज केला. त्याचा निकाल अजून लागायचा आहे, आणि तोवर त्यांना नुसतं भेटायला येण्याचा व्हिसाही मिळाला नाही.

या वर्षी तिचं शेवटचं वर्ष. टूर्नामेंटच्या आधी कॉलेजात शेवटच्या वर्षाच्या मुलींचा निरोपाचा कार्यक्रम असतो. एकेकीचं नाव पुकारतात आणि आई एका हाताला, वडील दुसऱ्या हाताला, अशी ती कोर्टच्या मध्यापर्यंत चालत जाते. आम्ही दोघं गेलो होतो. बायकोने तिला हळूच विचारलं, "आम्ही येऊ का गं तुझ्याबरोबर?"

ती बायकोच्या गळ्यात पडली. "थँक यू, काकू. पण नको. ती त्यांची जागा आहे."

तिचं नाव पुकारलं. पाठोपाठ त्याचं आणि वहिनींचं, दोन्ही नावं पार मोडून. टाळ्या झाल्या. ती एकटीच निघाली. तिच्या पुढच्या मुली आपापल्या आईवडिलांबरोबर भराभर चालून गेल्या होत्या. ही मात्र अगदी सावकाश चालत होती, अंगापासून दोन्ही हात जरा लांब धरून, दोन्ही बाजूंना एकेक माणूस चालेल इतकी जागा ठेवून.