मळमड्डीच्या गच्चीवर जमलेला धूर

हुबळीच्या बाजारातलं काम उरकून बसनं धारवाडला उतरलो, तेव्हा माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर एवढी धूळ बसली होती, की त्यात मूग पेरले असते तर सांगलीला परतेपर्यंत उसळ झाली असती.

"एल्ली होगबेकु री? (कुठं जायचंय?)" नाकापर्यंत रुमाल बांधलेल्या रिक्षावाल्यानं विचारलं.

"मळमड्डी. पण अण्णा, दरोड्याला निघालात की काय?"

"धूळ री! सगळी त्या गावाबाहेरच्या बेलूरच्या कारखान्यांची."

मळमड्डीत काकांच्या घरी पोचलो, तर त्यांनीही बेलूरच्याच नावानं बोटं मोडली. "घर विकतो आता. हुबळीला उणकलच्या तळ्याजवळ फ्लॅट बघितलाय. इथं तुझ्या काकूचा खोकला जात नाही."

"मला विचारलंत?" काकू खोकत खोकतच म्हणाली.

जेवायला भाकरी आणि एण्णगाई (भरली वांगी). मी इतक्या भाकरी खाल्ल्या की दोन घरांतून पीठ मागवावं लागलं. बरं, एका घरातून.

जेवणानंतर काकांची मुलगी विद्या मला गच्चीवर घेऊन गेली; काका-काकूही आले. ती हवेचा अभ्यास करते. तिथं तिचं हवा ओढणारं यंत्र होतं, आत पापडाएवढा पांढरा कागद. हिवाळाभर असे कागद बदलून तिनं ते तपासले होते. टेकड्यांमधल्या या गावात थंडीत पहाटेची हवा वर चढत नाही. जे निघेल ते इथंच मुक्कामाला.

"काय सापडलं?" मी विचारलं.

"कॅल्शियम, सिलिकॉन. म्हणजे रस्त्याची माती. सल्फेट आहे, ते गाड्यांचं, कारखान्यांचं..."

"बेलूर!" काका उभेच राहिले. "मी काय म्हणत होतो?"

"थोडं तिकडचंही असेल, अप्पा. पण पहाटेच्या कागदांवर पोटॅशियम आणि काजळी फार आहे. ही जोडी लाकडाच्या धुरात असते."

आम्ही सगळ्यांनी एकदमच खाली पाहिलं. अंगणात काकांचा लाडका तांब्याचा बंब होता. त्यातल्या पाण्यानं मागच्या खेपेला माझ्या अंगावरचे तीळसुद्धा फिके पडले होते.

"माझा एकट्याचाच आहे का?" काका म्हणाले.

"गल्लीभर आहेत. पण आईच्या खिडकीखाली आपलाच आहे."

"अहो, घर विकायला निघालात," काकू म्हणाली, "आणि बंब विझवायचं नाही सुचलं? पाडव्यापर्यंत बंद ठेवा. खोकला राहिला तर मी स्वतः सामान बांधते."

दुसऱ्या दिवशी गॅसवर तापवलेल्या अर्ध्या बादलीत माझी अंघोळ झाली. दातांचा कडकडाट हुबळीपर्यंत गेला असणार. काका स्टँडवर सोडायला आले. बस सुटताना खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "थांबला खोकला, तर घर वाचेल रे. पण मग इतकी वर्षं मीच..." पुढचं हॉर्नमध्ये बुडालं.

वाटेत मला तेच आठवत राहिलं. धूर लांबून येतो म्हटलं की शिव्या द्यायला सोपं जातं. काकांना आता बेलूरला शिव्या देताना खाली अंगणात बघावं लागणार होतं.

सांगलीला आल्यावर आठवड्याभरानं फोन केला.

"काकू कशी आहे?"

"थांब, तूच ऐक," काका म्हणाले. त्यांनी फोन स्वयंपाकघराकडे धरला असावा. भांडी वाजत होती, काकू विद्याला हाका मारत होती. आम्ही दोघं दोन गावांत कान देऊन गप्प. मध्येच एकदा खोकल्याची उबळ आली.

"कमी वाटतो ना?" काकांनी विचारलं.

मला खरं म्हणजे काही कळलं नव्हतं.

"निम्म्यानं," मी म्हणालो.