तळहातावरचे केस
दाढीच्या साबणाचा वास आला की मला वडिलांचा डावा तळहात आठवतो. मेंढ्या विकून आम्ही फुलंब्रीहून शहरात, उस्मानपुऱ्यात आलो, वडील चितेगावच्या कारखान्यात लागले आणि तिथं त्यांचा हात भाजला. डॉक्टरांनी मांडीची कातडी काढून तळहातावर लावली, आणि पुढं तिच्यावर केस उगवायला लागले. दर रविवारी दाढी झाली की ते तळहातालाही साबण लावून वस्तरा फिरवायचे. नामांतराच्या आंदोलनात विद्यापीठ बंद होतं, तेव्हाच्या एका रविवारी मी त्यांच्याजवळ बसले होते. त्यांनी विचारलं, “माय, तू सायन्स शिकती ना, मंग सांग, हे केस कामून येतेत?” मी म्हणाले, “दादा, अंगातल्या प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो, सगळ्या अंगाचा मजकूर. त्यातलं कुठं काय वाचायचं, ते त्यावर बसणारी प्रथिनं ठरवतात. ही कातडी मांडीवर असताना जे वाचायची, तेच अजून वाचतीय.” त्यांनी वस्तरा खाली ठेवला. “म्हंजे आपण कुठं आलोत, हे तिला अजून कळलंच नाय,” असं म्हणून त्यांनी त्या कातडीवरून अंगठा फिरवला, आजारी कोकराला गोंजारावं तसा. त्यानंतर त्यांनी तळहाताला वस्तरा लावला नाही. गेल्या वर्षी त्यांना शेवटची अंघोळ घालताना पाहिलं, ते केस पांढरे झाले होते.